हाकेला ओ

तळाशी काही ठेवलं असेल
तर वर यायला त्याला हाक मारावी लागते.
आम्ही ठेवलं होतं दीड वर्षापूर्वी,
फेरो बेटांच्या नैऋत्येला, आठशे मीटर खाली,
जिथे उत्तरेचं थंड पाणी
बुडालेल्या डोंगरांच्या खिंडीतून
अंधारातल्या अंधारात परतीला लागतं.
लोखंडी नांगर, पिवळे तरंगते गोळे,
मधे पाण्याची चाल मोजणारं यंत्र.

मी बोटीच्या कडेवरून कर्णा पाण्यात सोडते
आणि ठरलेली शीळ घालते.
त्याने ओ द्यायची, नांगर सोडायचा, वर यायचं.
एवढंच माझं काम. पगार बरा आहे.

बाबांना ते अजून पटलेलं नाही.
सांदॉय बेटावरचे हानुस, एकोणसाठ मेंढ्यांचे धनी,
मागे फटीफटींच्या भिंतींची खोपी,
तिच्यात टांगलेलं मांस
वाराच सुकवतो, वाराच खारवतो.
त्याला हवा लागते मोजूनमापून.
गेल्या हिवाळ्यात दोन फऱ्या नासल्या,
त्या त्यांनी कुत्र्यालाही घातल्या नाहीत.
"तापतंय म्हणतेस, मग गारठेल म्हणतेस,
एकदा काय ते ठरवा."

मी जेवणाच्या टेबलावरच सांगायला घेतलं.
दक्षिणेहून ऊब येते पाण्याच्या पाठीवर,
आपल्या दारात ओझं उतरवून ते गार होतं,
खारट असतं, म्हणून जड, म्हणून बुडतं,
आणि त्याने जागा केली म्हणून मागचं पुढे सरकतं.
हे बुडणंच आपल्याला तारतं, बाबा.
पण ग्रीनलंडचा बर्फ वितळतोय,
वरून गोडं पाणी ओतलं जातंय,
समुद्र अळणी होत चाललाय,
आणि मिठाला जागणारं पाणीच काय ते बुडतं.

बटाटा सोलता सोलता ते म्हणाले,
"म्हणजे घराला आग लागलीय
आणि आपल्याच खोलीतली चूल विझणार?"
हो, म्हटलं, तसंच काहीसं.
कधी, ते माहीत नाही.
विझेलच, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.
"मग कशाला सांगतेस,"
आणि मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

बोटीवरचा स्वयंपाकी बिराम
सेनेगल नदीच्या काठचा.
त्याला मी हेच नकाशावर दाखवलं होतं:
इथला प्रवाह थकला
तर पावसाचा पट्टा खाली घसरू शकतो,
त्याच्या आईच्या बाजरीला टाळून
भलतीकडेच पडू शकतो.
निळ्या बाणावर तो बराच वेळ बोट दाबून उभा राहिला.
"मला वाटलं, मी इथे फक्त मासे तळायला आलोय."

आज सकाळी पहिली शीळ. काही नाही.
दुसरी. लाटांची खरखर,
दूरच्या कुठल्यातरी जहाजाची घरघर.
कप्तान सुन्निवाने इंजिन बंद केलं.
नियम दोन हाकांचा. मग वहीत लिहायचं, हरवलं.
ट्रॉलरच्या जाळ्यात गेलं असेल,
बॅटरी संपली असेल.
यंत्र गेलं म्हणजे प्रवाह गेला असं नाही,
कळतं मला. तरी वही उघडवत नाही.

बाबा मेंढ्यांना तीनदा हाक मारतात.
पहिली वारा नेतो, म्हणतात,
दुसरीला कुत्रा धावतो,
तिसरी मेंढीची.

मी कर्णा पुन्हा पाण्यात सोडला.
सुन्निवाने बघून न बघितल्यासारखं केलं.
बिराम दारात, हातात झारा तसाच.
तिसरी शीळ खाली गेली.

आवाजाला तळ गाठायला अर्धा सेकंद लागतो,
परत यायला अर्धा.
आम्ही त्याहून बराच वेळ
उभे होतो.